रेषेपलीकडचं

चोर सापडला त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. सगळी गल्ली खुशीत होती. इतके दिवस दारंखिडक्या लावून बसणारी माणसं अंगणात उभी राहून हसत होती आणि समोरचे डॉक्टर येईल त्याला चहा पाजत होते. काका मात्र पहिला घास हातात घेऊन बसले आणि तो तसाच ताटात ठेवून उठले. काकूंनी विचारलं, "पोट बिघडलंय का?" काका म्हणाले, "हो." पोटाला काहीही झालं नव्हतं. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेवर चूर्ण चालत नाही.

काका म्हणजे जमीनमोजणी खात्यातले निवृत्त मोजणीदार. जन्मभर दुसऱ्यांच्या हद्दी आखल्या, भावाभावांच्या मधोमध दगड पुरले, दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या आणि रात्री शांत झोपले. निवृत्त झाले तेव्हा खात्याने शाल दिली, पण टेप परत घेतला नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. काकांची टेपसकट घरी आली. गल्लीत त्यांना तोंडावर 'काका' म्हणत आणि पाठीमागे 'फूटपट्टी'. काकांना दोन्ही माहीत होतं. दुसऱ्या नावाचं त्यांना आतून जरा बरंच वाटायचं.

गल्ली साधीच. दोन्हीकडे बैठी घरं, एका टोकाला मोठा रस्ता आणि दुसऱ्या टोकाला मोकळी जागा. गल्ली नेमकी कुठे संपते आणि मोकळी जागा कुठे सुरू होते, हे पूर्वी कोणी विचारलंच नव्हतं. पोरं तिथे खेळायची, बायका दोरी बांधून कपडे वाळत घालायच्या, मागच्या रस्त्यावरची बस पकडायची घाई असली की माणसं तिथूनच तिरकी जायची. मग त्या जागेच्या मालकाने इमारत काढली, खांब उभे केले, एक छत टाकलं आणि काम तसंच सोडलं. त्याच सुमारास गल्लीत डांबर पडलं. काकांनी डांबरवाल्यांकडून उरलेला पांढरा रंग मागून घेतला, दोरी लावली, गुडघे टेकले आणि गल्लीच्या टोकाला या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रेषा ओढली. अशी सरळ, की बघणाऱ्याने कौतुकच करावं. तेवढ्यावर हात थांबेना म्हणून प्रत्येक घरापुढेही एकेक लहान रेषा काढली. इथपर्यंत तुमचं, पुढे सगळ्यांचं.

लोक म्हणाले, वा काका, शिस्त लागली.

शिस्त लागली की नाही देव जाणे, भीती मात्र लागली. ती एकदम आली नाही. पाहुणीसारखी आली आणि मुक्काम करून बसली. मोठ्या रेषेच्या पुढच्या जागेला सगळे नुसतं 'पलीकडे' म्हणू लागले. पोरांना सांगितलं गेलं, पलीकडे जायचं नाही. कपड्यांच्या दोऱ्या आत आल्या. त्या बाजूच्या खिडक्या आधी संध्याकाळी बंद होऊ लागल्या, नंतर उघडायच्याच राहिल्या. घर झाडून निघेल ते, मोडकी खुर्ची, फाटकी गादी, जुनी बादली, सगळं पलीकडे जाऊन पडू लागलं. आणि एकदा आपणच तिथे घाण केली म्हटल्यावर ती जागा वाईट आहे याची सगळ्यांना खात्री पटली. पूर्वीही तिथे अंधार असायचा. आता त्या अंधारात कोणीतरी असायचं.

शेवटच्या घरातली नर्सबाई तेवढी अजून तिथूनच जा-ये करायची. "अहो, भ्यायला काय झालं? जाऊन तर बघा," असं ती सांगायची. गल्ली म्हणायची, तिचं काय, ती मुडदे बघणारी बाई.

मग मालकाने इमारतीच्या सळ्या सांभाळायला वॉचमन ठेवला. तो, त्याची बायको आणि एक लहानशी मुलगी. खालच्या मजल्यावर विटांचा आडोसा करून, वर ताडपत्री टाकून राहिले. चोरी होऊ नये म्हणून पगार देऊन ठेवलेला माणूस, आणि गल्लीला पहिली धास्ती त्याचीच वाटली, यातली गंमत कोणाच्या ध्यानात आली नाही. काका आपल्या बाजूला उभे राहिले, त्याला हाक मारून रेषेपर्यंत बोलावलं आणि बोटाने दाखवून सांगितलं, "हे बघ. या रेषेच्या आत कशाला हात लावायचा नाही. पलीकडे काय पडलं असेल ते तुझं. कळलं?"

"कळलं, साहेब," वॉचमन म्हणाला. कायदा समजावून दिल्याच्या समाधानात काका घरी आले.

आता लहान रेषांचं ऐका. त्या कोणी पाळेना. डॉक्टरांच्या बायकोची कुंडी वीतभर पुढे, कोणाचं पायपुसणं रेषेवर, कोणाची चपलांची मांडणी अर्धी बाहेर. हे डॉक्टर म्हणजे दातांचे. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. यांचं चांगलं भरत होतं. काका त्यांना सांगायचे, "अहो, कुंडी आत घ्या." डॉक्टर हसायचे, "काका, कुंडी आहे, पळून जाणार आहे का?" त्या हसण्याने काकांचं टाळकं फिरायचं. शेवटी एका पहाटे फिरायला निघताना त्यांनी ती कुंडी उचलली आणि मोठ्या रेषेच्या पलीकडे नेऊन ठेवली. पाय रेषेच्या आत, हात तेवढा बाहेर. डॉक्टरीणबाईंना खिडकीतून दिसेल, लाजतील, परत नेतील आणि धडा शिकतील, असा हिशेब. त्या खिडक्या आता उघडत नाहीत हे या हिशेबात नव्हतं. दुपारी काका बघतात तो कुंडी तिथे नाही. दारातही दिसत नाही, घरात नेली वाटतं, म्हणजे शिकल्या. औषध लागू पडलं म्हटल्यावर काकांनी ते इतरांनाही दिलं. पायपुसणं गेलं, चपलांची मांडणी गेली, झाडांना पाणी घालायची झारी गेली. एकदा डॉक्टरांच्या मुलाची तीनचाकी सायकल वाटेत आडवी होती, काकांच्या नडगीला लागली. तीही उचलली. उचलताना तिची घंटी किणकिणली, तेव्हा कोणी जागं होऊ नये म्हणून काकांनी ती तळव्याखाली दाबून धरली आणि सायकल नेऊन ठेवली.

आणि मग एके दिवशी डॉक्टर घाबरेघुबरे होऊन आले. "काका, गल्लीत चोऱ्या होताहेत! आमची कुंडी गेली, पोराची सायकल गेली. शेजाऱ्यांचं तर पायपुसणंसुद्धा सोडलं नाही हो!"

काकांच्या छातीत एक ठोका चुकला. चुकला, हे खरं. त्याच क्षणी त्यांनी तोंड उघडलं असतं तर ही गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण डॉक्टर पुढे म्हणाले, "तुम्ही केव्हाचे सांगत होता, टोकाला गेट बसवा म्हणून. आम्हीच मूर्ख. आमच्या ध्यानात आलं नाही ते तुम्हाला आधी दिसलं." इतक्या वर्षांत फूटपट्टीला कोणी असं म्हटलं नव्हतं. काकांनी तो चुकलेला ठोका गिळला. मनाशी म्हणाले, मी ठेवलं ते परत नेलं असणार, गेलं ते नंतर गेलं. माणसाला स्वतःला फसवायचं असलं की वकील लागत नाही.

डॉक्टरांच्या दवाखान्यात, जिथे पेशंट गाल धरून बसतात त्या बाकांवर सभा भरली. कोणाला पलीकडून विडीचा वास आला होता, कोणाला पावलं ऐकू आली होती, कोणाच्या सासूने तर सावली पाहिली होती. गेट ठरलं. गेटाआधी चोर पकडायचा हेही ठरलं, आणि हद्द काकांना माहीत म्हणून काकांनी पुढे चालायचं ठरलं.

रविवारी सकाळी सगळे निघाले. रेष ओलांडताना काही जणांनी पाय असा उचलला की जणू पाण्यातच टाकायचा आहे. इमारतीपाशी पोचले तो वॉचमनची मुलगी खांबांभोवती गोल गोल सायकल फिरवत होती, आणि घंटी वाजत होती.

"हीच!" डॉक्टर ओरडले.

बाकी सगळंही तिथेच होतं. लपवलेलं नव्हतं. आडोशाच्या तोंडाशी पायपुसणं अंथरलेलं, धुऊन स्वच्छ. चपलांच्या मांडणीवर घासलेली भांडी पालथी घातलेली. कुंडीतलं झाड डॉक्टरीणबाईंकडे वाळत चाललं होतं, ते इथे नव्या पानांनी भरलं होतं, आणि झारी तिच्या शेजारीच होती. ते बघून काकांना सगळं कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा, जे गिळलं होतं ते वर आलं. एकही वस्तू अशी नव्हती जी त्यांच्या हातून गेली नव्हती.

"कुठून आणलं हे?" डॉक्टरांनी विचारलं.

"साहेब, चोरलेलं नाही," वॉचमन म्हणाला. "रेषेपलीकडे ठेवलेलं होतं."

"ठेवलेलं? कोणी ठेवलं? पाय फुटले होते का कुंडीला?"

लोक हसले. वॉचमनने काकांकडे पाहिलं. त्याच्या बायकोनेही पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. घरातलं मोठं माणूस आलं, आता तेच काय ते बोलेल, अशा भरवशाने ती उभी होती. मुलीने तर सायकल थांबवली आणि काकांना बघून कपाळाला हात लावून सलाम ठोकला.

"बोल की! कोणी दिलं?" मागून कोणीतरी दरडावलं.

वॉचमन काकांकडेच बघत राहिला. काकांना 'मी ठेवलं' एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण मागे सगळी गल्ली उभी होती, आणि त्या दोन शब्दांनंतर तिच्यासमोर फूटपट्टीसुद्धा उरली नसती; उरला असता पहाटे लोकांच्या वस्तू उचलणारा एक म्हातारा. काका चष्मा पुसू लागले.

वॉचमनने मान खाली घातली. "चुकलं आमचं," तो म्हणाला.

मारामारी झाली नाही. गल्ली सुशिक्षित होती. डॉक्टरांनी तिथूनच मालकाला फोन लावला, आणि उद्या जागा सोडा असा निरोप वॉचमनला तिथेच मिळाला. मग प्रत्येकाने आपापली वस्तू उचलली. मुलगी सायकल सोडेना, तेव्हा आईने तिची बोटं एकेक करून सोडवली. डॉक्टरांच्या हातात कुंडी होती, म्हणून त्यांनी सायकल काकांकडे दिली. घंटी किणकिणली, आणि काकांचा तळवा आपोआप तिच्यावर गेला.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला अशा वेळी वाटतं. जन्मभर धरणी मोजलेल्या माणसालाही ती तेवढी सवलत देत नाही. काका सायकल घेऊन गल्लीत परत आले, ती डॉक्टरांच्या दारात रेषेच्या आत ठेवली, आणि घरी येऊन ताटावरून उठले.

काकूंनी दुपारभर वाट पाहिली आणि मग समोर येऊन बसल्या. "पोट नाही बिघडलेलं. काय झालं ते सांगा."

काकांनी सांगितलं. कुंडीपासून घंटीपर्यंत सगळं. शेवटी काकू म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच वरातीच्या पुढे होता."

"मी चोर नाही. मला फक्त शिस्त..."

"मग बोलला का नाहीत?" काकू म्हणाल्या. "शिस्तीची लाज वाटली?"

काकू उठून दिवा लावायला गेल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "ती पोर उद्या कुठे झोपणार आहे, याचा विचार करा. सकाळी आधी डॉक्टरांकडे जा. मी येणार नाही सोबत. उचलताना एकटे होतात, सांगतानाही एकटेच जा."

सकाळी काका गेले. दवाखाना अजून उघडायचा होता. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, क्षणभर बघत राहिले आणि हसत सुटले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "काका! म्हणजे आमची कुंडी तुम्ही... अगं ए, ऐकलंस का!" डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, ऐकलं, त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "असेल. पण आज ना उद्या त्यांनी चोरलंच असतं की."

"त्यांनी काही चोरलं नाही," काका म्हणाले. "मालकाला फोन करा. त्यांना जाऊ देऊ नका."

"मालकाला काय सांगू? की आमचे काकाच चोर निघाले?" डॉक्टरांना पुन्हा हसू आलं. मग त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणला. "हे बघा, आज गेटवाला माप घ्यायला येतोय. किती वर्षांनी गल्लीचं एकमत झालंय. आता हे कोणाला कळलं तर गेट राहील बाजूला. तेव्हा अळीमिळी गुपचिळी. तुमचाही मान राहील."

काकांनी नंबर मागून घेऊन मालकाला स्वतः फोन केला. मालक म्हणाला, असेल हो, पण मी दुसरा माणूस बघितलाय, मला शेजाऱ्यांची कटकट नको. कबुलीला गिऱ्हाईक नव्हतं. सगळ्यांना हवी होती ती भीती, आणि ती आता कोणी परत करणार नव्हतं.

काका फोन ठेवून सरळ गल्लीच्या टोकाला गेले आणि या खेपेला एकट्याने रेष ओलांडली.

आडोशावरची ताडपत्री उतरली होती. हातगाडीवर गाठोडी रचली जात होती. काकांना बघताच वॉचमन लगबगीने पुढे आला, गल्लीकडे एक नजर टाकली आणि हळूच म्हणाला, "काका, तुम्ही काळजी करू नका. मी तुमचं नाव घेतलं नाही. घेणारही नाही."

"नाव?" काका म्हणाले.

"आम्ही रोज बघायचो ना. तुम्ही पहाटे येऊन ठेवून जायचात. आम्हाला वाटायचं, घरोघरी मागून आणता. ही म्हणायची, देणारा असा असावा. घेणाऱ्याला खाली बघायला लागू नये म्हणून उजाडायच्या आत ठेवून जातो." त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान हलवली. "सायकल आणलीत त्या दिवशी तर घंटीवर हात धरला होतात, पोरीची झोप मोडू नये म्हणून. मी खांबाआडून बघत होतो. काल कळलं, तुम्ही कोणाला न विचारताच आमच्यासाठी उचलत होतात. ते सांगितलं असतं तर तुम्हाला त्या गल्लीत राहणं कठीण झालं असतं. आमचं काय, आज इथे, उद्या दुसरीकडे."

लाजेचा तळ काल लागला असं काकांना वाटलं होतं. तो काही तळ नव्हता. आणि इथेच त्यांना मोह झाला, हेही सांगून टाकलं पाहिजे. गप्प राहिलं की झालं. हा माणूस जन्मभर त्यांना देव मानेल. उभ्या जगात एका कुटुंबाच्या मनात तरी एक चांगला म्हातारा जिवंत राहील. तेवढ्यात वॉचमनची मुलगी गाठोड्यामागून आली, टाचा जुळवल्या आणि कपाळाला हात लावून सलाम ठोकला.

"ते मी दिलं नव्हतं," काका म्हणाले.

वॉचमन हसला. "असं काय म्हणता?"

"खरं सांगतो. मी तुम्हाला काही दिलं नाही. तुमचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नव्हता. त्यांच्या वस्तू माझ्या रेषेबाहेर आल्या, म्हणून मी त्या उचलून बाहेर टाकत होतो. घंटी दाबली ती डॉक्टर उठतील म्हणून. आणि काल मला सगळं ठाऊक होतं, आणि मी बोललो नाही. मला माफ..."

वॉचमनच्या बायकोने तोंड फिरवलं आणि गाठोड्याची गाठ, जी आधीच बांधलेली होती, ती पुन्हा बांधू लागली. मुलगी अजून सलाम करून उभीच होती; काकांनी सलाम घेतला नव्हता, म्हणून तिने हात काढला नव्हता. वॉचमन वाकला, तिचा हात मनगटाला धरून कपाळावरून हळूच खाली घेतला.

"बरं, साहेब," तो म्हणाला.

हातगाडी मोठ्या रस्त्याकडे वळली. गल्लीतून जवळ पडलं असतं, पण ती माणसं गल्लीतून गेली नाहीत. खड्ड्यांतून, लांबच्या वाटेने गेली. मुलीने मागे वळून पाहिलं की नाही हे काकांना दिसलं नाही. त्यांना चष्मा पुसावा लागला, आणि या खेपेला तो खरंच पुसायला झाला होता.

परत आले तो रेषेवर गेटवाला उकिडवा बसला होता. डॉक्टर कमरेवर हात ठेवून उभे होते आणि आणखी चारदोन जण आपापली मतं देत होते. "आलात का काका! बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "तुमच्याशिवाय माप कसं घेणार?"

गेटवाल्याने टेप ओढून टोक काकांपुढे केलं. काकांनी ते घेतलं, गुडघे टेकले आणि भिंतीच्या कडेशी पांढऱ्या रेषेवर दाबून धरलं.

"घट्ट धरा, काका," गेटवाला पलीकडच्या भिंतीपासून ओरडला. "टोक रेषेवरून सरकतंय."